गावच्या इंटरनेटला वायरमन हवा

पालघर जिल्ह्यातील खामलोली आणि आसपासच्या गावपाड्यांत आयआयटी मुंबईच्या अभियंत्यांनी गेल्या दशकात एक प्रयोग केला. टीव्ही प्रक्षेपणासाठी राखून ठेवलेल्या 470 ते 590 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातून त्यांनी गावात इंटरनेट पोहोचवले. या लहरी झाडीतून आणि उंचसखल भागातून नेहमीच्या वाय-फायपेक्षा कितीतरी सहज पार होतात. आपल्याकडे जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण करते ते एकटे दूरदर्शन. त्यामुळे या पट्ट्यातील 15 वाहिन्यांपैकी किमान 12 जवळजवळ देशभर मोकळ्या आहेत, हे याच संस्थेतील संशोधकांनी मोजून दाखवले होते. ‘ग्राम मार्ग’ या नावाच्या त्या प्रकल्पाने 2017 मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक पटकावले. पुढे 5 गिगाहर्ट्‌झच्या साध्या, बाजारात मिळणाऱ्या उपकरणांनी जिल्ह्यातील आणखी गावे जोडली गेली.

पारितोषिक तंत्राला मिळाले असे वाटू शकते. पण त्या आराखड्यात पंचायतीला भागीदार मानले होते आणि गावातल्याच तरुणांनी सेवा चालवावी, तिच्यावर थोडे कमवावे, अशी योजना होती. राज्यात पंचायत किंवा सहकारी संस्थेच्या मालकीच्या वायरलेस सेवेची चर्चा होते तेव्हा नेमका हाच भाग गळतो. टॉवर किती उभे राहिले, वेग किती मिळाला, उद्‌घाटनाला कोण आले, यावर बातम्या होतात. बंद पडलेली डिश दुसऱ्या दिवशी सकाळी कोण बघणार आणि त्याचा पगार कोण देणार, हा प्रश्न कागदावर येतच नाही. सेवा सुधारायची असेल तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

मेळघाटातील हरिसालचे उदाहरण बोलके आहे. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने 2016 मध्ये हे गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले गेले. तीनच वर्षांनी, 2019 च्या लोकसभा प्रचारात, तिथल्या सेवांची स्थिती हा जाहीर सभांतील वादाचा विषय झाला. त्या वादात कोणाची बाजू खरी हे क्षणभर बाजूला ठेवू. गावाच्या इंटरनेटबद्दल मुंबईतून दावे व्हावेत आणि मुंबईतूनच प्रतिदावे व्हावेत, यातच त्या सेवेचा ताबा कुठे होता ते दिसते.

गावातल्या वायरलेस सेवेच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच असतात. दिवसा नेट चालते, रात्री आठनंतर ‘गोल गोल फिरत राहते’. पावसाळा लागला की पलीकडच्या पाड्याची रेंज जाते. वीज येऊन-जाऊन असली की राउटर अडकतो. यातल्या बहुतेक दुखण्यांवर इलाज आहेत आणि ते फारसे महागही नाहीत.

एकाच रेडिओने वरून घेतलेले सिग्नल पुढे ढकलणारे यंत्र बसवले, की प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तीन टप्पे गेले की शेवटच्या घरी आठवा हिस्सा उरतो. म्हणून टॉवर-टॉवरमधला दुवा आणि घराघरात वाटायचा सिग्नल यांसाठी वेगळे रेडिओ, वेगळ्या वाहिन्या लागतात. 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकींना न अडणाऱ्या वाहिन्या तीनच, त्यामुळे शेजारच्या दुकानाचा राउटरही अडथळा ठरतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील मोठा भाग परवानामुक्त केला; टॉवरमधले दुवे तिकडे हलवणे हा सरळ उपाय आहे. संध्याकाळच्या कोंडीत तर पुष्कळदा वेग कमी नसतो, रांग चुकीची लागलेली असते. एका घरी चाललेले मोठे डाउनलोड सगळी रांग अडवून धरते आणि दुसऱ्या घरातल्या मुलीचा ऑनलाइन तास तुटतो. राउटरमधील मोफत, खुल्या सॉफ्टवेअरने ही रांग घरटी समान वाटता येते. त्याला नवे यंत्र बहुतेकदा लागत नाही. ते बसवून, पाहून, पुन्हा जुळवणारा माणूस लागतो.

पावसाचेही तसेच. 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरींना गावातल्या अंतरात पावसाच्या सरी फारशा अडवत नाहीत, ओली पाने अडवतात. साग एप्रिल-मेमध्ये उघडाबोडका असतो. त्या दिवसांत कोणी दोन टेकड्यांमधली दिशा साधून डिश बसवली, की जुलैत भल्यामोठ्या भिजलेल्या पानांची भिंत मध्ये उभी राहते. हे ठेकेदाराला ठाऊक नसते, पाड्यावरच्या कोणालाही ठाऊक असते. जोडणीच्या टोकात पाणी शिरणे, अर्थिंग नीट नसल्याने पहिल्याच वळवाच्या विजेत उपकरण जळणे, बॅटरी दोन-तीन वर्षांत दमणे, ही सगळी वेळापत्रकाने टाळता येणारी नुकसाने आहेत. हिमाचलमधील धरमशालेत 2005 नंतर उभ्या राहिलेल्या ‘एअरजल्दी’च्या जाळ्याला माकडांचा उपद्रव झाला. अँटेनांवर लोंबकळणारी माकडे गृहीत धरून त्यांना मजबूत रचना करावी लागली. जागेची अशी माहिती रोज तिथे वावरणाऱ्याकडेच असते.

म्हणूनच गावागावात ज्याचा नंबर प्रत्येक फोनमध्ये असतो त्या विजेच्या वायरमनसारखा इंटरनेटचाही एक माणूस हवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील रेड हुक वस्तीत स्थानिक तरुण-तरुणींना हे काम शिकवले गेले. तिथे वस्तीचे वायरलेस जाळे उभारले जात असतानाच ऑक्टोबर 2012 मध्ये सँडी वादळ आले. वस्ती पाण्याखाली गेली, वीज आणि फोन बंद पडले, तरी हे छोटे जाळे चालू राहिले आणि मदतकार्यासाठी वापरले गेले. पुढे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती यंत्रणेने आपली उपग्रह जोडणी त्यालाच दिली. दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातील मानकोसी गावाने ‘झेन्झेलेनी’ ही सहकारी संस्था काढली. तिथे वीज नसल्याने जाळ्याची केंद्रे सौरऊर्जेवर चालत, आणि त्याच पॅनेलवर शेजाऱ्यांचे मोबाइल चार्ज करून देण्याचे पैसे संस्थेला मिळत. देखभालीचा खर्च कुठून येणार, याचे उत्तर त्या गावाने स्वतःच्या परिस्थितीतून शोधले.

या सगळ्यांत सर्वांत मोठे आणि सर्वांत शिकण्याजोगे जाळे स्पेनमधील कॅटलोनियाचे. 2004 मध्ये ओसोना भागातील गुर्ब गावात रमोन रोका यांना शेतावरच्या घरी ब्रॉडबँड मिळत नव्हते. कंपन्यांना विखुरलेल्या घरांत रस नव्हता. त्यांनी आणि शेजाऱ्यांनी छपरांवर अँटेना लावून जवळच्या विक शहरापासून दुवे ओढले. त्याचे ‘गिफी डॉट नेट’ झाले. आज त्यात 35 हजारांहून अधिक चालू केंद्रे आहेत, 2009 पासून शेतकऱ्यांनी स्वतः फायबरही टाकायला सुरुवात केली, आणि 2015 मध्ये युरोपीय आयोगाने ब्रॉडबँड पुरस्कार देऊन या प्रारूपाची दखल घेतली.

हे टिकले कसे? जाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला एक सामाईक परवाना मान्य करावा लागतो: आपल्या छपरावरून दुसऱ्याची वाहतूक भेदभाव न करता जाऊ द्यायची. 2008 मध्ये स्थापन झालेले प्रतिष्ठान जाळ्याचे हिशेब आणि नियम सांभाळते. जाळ्यावरून सेवा विकायला छोट्या कंपन्यांना मोकळीक आहे, मात्र जाळे कोणाच्याच मालकीचे होत नाही. प्रत्येक कंपनी आपण किती गुंतवणूक आणि देखभाल केली आणि किती वाहतूक वापरली ते नोंदवते. वाट्यापेक्षा जास्त वापरणारा भरणा करतो, जास्त खर्च केलेल्याला ते पैसे मिळतात. स्वयंसेवकांच्या उत्साहावर चालणारी जाळी काही वर्षांत विझतात. इथे दुरुस्ती करणाऱ्याचे पोट त्या दुरुस्तीवर चालते आणि त्याचा हिशेब सर्वांसमोर असतो.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. जमीन कितीही असो, पाणी माणशी अर्ध्या एकराचे. भूमिहीनालाही वाटा. उसाला मनाई. खर्चाचा काही हिस्सा शेतकऱ्याने स्वतः घालायचा. पाळीप्रमाणे पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमलेला. मर्यादित वस्तू सगळ्यांना पुरवायची तर वाटपाचा नियम आधी ठरावा लागतो आणि तो राबवणारा माणूस लागतो, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. शंभर एमबीपीएसची एक जोडणी दोनशे घरांत वाटताना हाच प्रश्न उभा राहतो.

सहकाराचा दुसरा अनुभवही विसरता येत नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने चार दशके ग्राहकांना वीज दिली. लोकांच्या मालकीची वीज वितरण संस्था म्हणून तिचे महत्त्व मोठे होते. पण महामंडळाकडून घेतलेल्या विजेची थकबाकी डोंगराएवढी वाढली आणि 2011 मध्ये परवान्याची मुदत संपताच वितरण महावितरणकडे गेले. घाऊक दराने घेतलेल्या वस्तूची वसुली आणि देणी रोजच्या रोज जुळली नाहीत, तर सभासदांची मालकी संस्थेला वाचवत नाही. गावच्या इंटरनेटचा जमाखर्च म्हणूनच ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. किती घरांनी वर्गणी भरली, जोडणीचे बिल किती, महिन्यात किती तास सेवा बंद होती, बॅटरी बदलण्यासाठी घसारा निधीत किती जमा आहेत, हे चार आकडे फलकावर लागावेत. बिल न भरणारा सरपंचाचा नातेवाईक असला तरी त्याची जोडणी तुटावी.

गावाने एवढे केले तरी दोन अडथळे त्याच्या हातात नाहीत. पहिला परवान्याचा. इंटरनेट सेवेच्या परवान्यात ‘क’ हा सर्वांत लहान वर्ग, तोही साधारण जिल्ह्याएवढ्या दूरसंचार क्षेत्राचा. दोन पाडे आणि एक गाव यांच्यासाठी त्यात जागा नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेने किराणा दुकानदारालाही विनापरवाना, विनानोंदणी वाय-फाय देण्याची मुभा दिली, हे मोठेच पाऊल होते. तरीही 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे जे राष्ट्रीय उद्दिष्ट होते, त्याच्या तुलनेत 2025 मध्येही काही लाखांवरच गाडी होती.

त्याचे एक मोठे कारण म्हणजे दुसरा अडथळा, घाऊक दर. छोट्या दुकानदारालाही कंपन्या घरगुती फायबरच्या कित्येक पट महाग असलेली भाडेपट्टीची जोडणी घ्यायला लावत होत्या. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढून 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी पीएम-वाणी केंद्रांकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही असे ठरवले. हे संरक्षण ग्रामपंचायती, आदिवासी सोसायट्या आणि महिला बचतगटांचे महासंघ चालवतील त्या घरोघरच्या वायरलेस सेवेलाही मिळायला हवे. दक्षिण आफ्रिकेच्या नियामकाने झेन्झेलेनीसारख्या संस्थांना परवान्यातून सूट दिली आहे. 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली आपल्याकडचे नियम नव्याने घडत असताना अशी तरतूद करणे अवघड नाही.

पैसाही आहे. भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमासाठी केंद्राने 2023 मध्ये 1 लाख 39 हजार कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. अनेक पंचायत कार्यालयांपर्यंत फायबर गेले आहे. तिथून वाडी-पाड्यापर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर डोंगराळ भागात वायरलेसनेच भरून निघतील. राज्य सरकारने पालघर, नंदुरबार, गडचिरोली आणि मेळघाटातील इच्छुक ग्रामसभांना हे अंतर स्वतः जोडू द्यावे. उपकरणांच्या अनुदानाबरोबर प्रत्येक गावातील एका प्रशिक्षित तरुण किंवा तरुणीचे पाच वर्षांचे मानधन मंजूर करावे, आयटीआयमध्ये या कामाचा छोटा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि दुसऱ्या वर्षापासूनचा हप्ता ग्रामसभेने लेखापरीक्षित हिशेब सादर केल्यावरच सोडावा.