व्यासपीठ सोडणारा शतावधानी



प्रेक्षकाच्या मनातील अंक वा नाव अचूक सांगणारे कलावंत आजही सभागृहे भरवितात. ही कला निरीक्षण, युक्ती आणि सराव यांवर उभी असते. पाहणाऱ्यास मात्र ती सिद्धी भासते. अशा वेळी शास्त्रातील एक भेद स्मरावा. परक्याच्या मनातील भाव जाणणे हे मनःपर्ययज्ञान होय आणि ते केवळ संयमी मुनींनाच प्राप्त होते. पाहिले-ऐकलेले मनात धारण करणे हे मतिज्ञान. ते आपणा सर्वांपाशी कमी-अधिक असतेच.

या मतिज्ञानाची विलक्षण झेप श्रीमद् राजचंद्र यांनी दाखविली. सौराष्ट्रातील ववाणिया गावी १८६७ साली जन्मलेल्या या तरुणाने १८८७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला. अवधानात निरनिराळी माणसे गणिते, काव्यविषय, अनोळखी भाषांतील शब्द तुकड्यातुकड्यांनी देतात. अवधानी मध्ये काहीही न लिहिता शेवटी सर्व जागच्या जागी सांगतो. श्रीमदांची कीर्ती पसरली. परंतु ही कीर्ती आत्मसाधनेच्या आड येते, हे उमगताच त्यांनी जाहीर प्रयोग कायमचे थांबविले.

१८९१ साली इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींनीही त्यांची परीक्षा घेतली. विदेशी भाषांतील शब्दांची यादी त्यांनी वाचून दाखविली. श्रीमदांनी ती त्याच क्रमाने परत सांगितली. गांधीजींना कौतुक वाटले, पण ते भारले गेले ते श्रीमदांच्या निर्मळ चारित्र्याने आणि आत्मदर्शनाच्या तळमळीने. पुढे दक्षिण आफ्रिकेतून त्यांनी आपल्या धर्मविषयक शंका श्रीमदांनाच पत्राने विचारल्या. १९०१ साली, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी श्रीमदांचे देहावसान झाले. गांधीजींवरील त्यांचा प्रभाव मात्र टिकला. १९३६ पासून आपल्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामी राहिलेल्या त्या महात्म्याच्या अहिंसेला या सत्संगाचेही खतपाणी होते.

आज डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकविणाऱ्या वर्गांना पालक मोठे शुल्क देतात. नाकाशेजारच्या फटीतून पाहणारे मूल टाळ्या मिळविते आणि त्याच क्षणी असत्याचा पहिला धडा गिरविते. खरी बुद्धी लाभलेल्या श्रीमदांनी टाळ्या सोडल्या. आपण टाळ्यांसाठी मुलांचे सत्य सोडावे काय? पाठांतर, गणित, स्वाध्याय यांनी त्यांची धारणाशक्ती अवश्य वाढवावी. मात्र दुसऱ्याचे मन ओळखण्याआधी स्वतःचे मन ओळखावयास त्यांना शिकवावे.