रोजच्या रस्त्याचा शॉकअप

गॉर्डन मरे यांनी फॉर्म्युला वनमध्ये आधी ब्रॅबम आणि मग मॅक्लारेन या संघांसाठी विजेत्या गाड्या घडवल्या. 1992 साली जगापुढे आलेली मॅक्लारेन एफ-वन ही रस्त्यावरची गाडीही त्यांचीच. अशा माणसाने स्वतःच्या वापरासाठी विकत घेतली ती फ्रान्समध्ये दिएप इथे तयार झालेली अल्पिन ए-110. 2017 साली आलेली ही दोन माणसांची छोटी गाडी, वजन जेमतेम 1100 किलो. पुढे मरे यांनी टी-50 ही आपली सुपरकार आखली, तेव्हा ती रस्त्यावर किती आरामशीर असावी याचं माप म्हणूनही ही अल्पिनच समोर ठेवली.

या गाडीच्या शॉकअपला मोड नाहीत, कमी-जास्त करायचं बटण नाही. स्प्रिंगा मऊ आहेत, अँटी-रोल बार सडपातळ आहेत. वळणावर ती थोडी कलते आणि तरीही रस्ता सोडत नाही. खरी करामत शॉकअपच्या हालचालीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. इतर बहुतेक गाड्यांत तिथे रबराचा किंवा फोमचा बंप स्टॉप असतो. तो दाबला जातो आणि साठवलेली बरीचशी ताकद उलटी फेकतो. अल्पिनमध्ये त्या जागी हायड्रॉलिक स्टॉप आहे. तेल अरुंद वाटेने पिळून निघतं, धक्क्याची ताकद उष्णतेत जिरते आणि गाडी आदळत नाही. शेवटचा धक्का असा आवरता आला, म्हणून बाकीच्या हालचालीत स्प्रिंग मऊ ठेवता आली. 2019 साली याच गाडीची ए-110 एस आली, 50 टक्के जास्त कडक स्प्रिंगा घेऊन. ट्रॅकवर तिला दाद मिळाली. साध्या रस्त्यासाठी मात्र अनेक समीक्षकांचा कौल मूळ मऊ गाडीकडेच राहिला.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार हाती आली, किंवा साध्या हॅचबॅकला तसं रूप द्यायचं ठरलं, की गाडी उलट्या दिशेने निघते. आधी ती खाली बसवायची, मग कडक करायची, मग मोठी चाकं आणि पातळ टायर. हाडं खिळखिळी झाली की गाडी ‘स्पोर्टी’ झाली असं मानायचं. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत पैशात मोजावी लागते, पाठीच्या दुखण्यात मोजावी लागते, रस्त्यावरच्या पकडीतही मोजावी लागते. खड्ड्याच्या काठावरून उडालेलं चाक जितका वेळ हवेत असतं, तितका वेळ त्याला ना ब्रेक असतो ना स्टिअरिंग.

शॉकअप धक्का ‘खातो’ असं आपण म्हणतो. धक्का आधी घेते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगेला आवरण्याचं. ऑफिसच्या दारावरचा डोअर क्लोजर जसा तेल बारीक भोकातून ढकलत दार धाडकन बंद होऊ देत नाही, तसंच इथे दांड्यावरचा पिस्टन तेलातून फिरतो आणि ती हालचाल उष्णतेत बदलतो. पण त्याला एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या असतात. गाडीची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दोन वेळा वरखाली होते, चाक मात्र सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं. बॉडी डोलते तेव्हा शॉकअपचा दांडा सेकंदाला काही सेंटिमीटर एवढ्या संथ गतीने सरकतो. खड्ड्याची कड लागली की तोच दांडा सेकंदाला मीटरभर वेगाने आत येतो. चांगला शॉकअप संथ हालचालीत घट्ट असतो आणि वेगवान हालचालीत वाट मोकळी करून देतो. घाटातल्या वळणावर नेमकी आणि खड्ड्यात सुसह्य अशी गाडी घडते ती इथे.

आता स्प्रिंगेचं गणित. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेची सर्वांत जास्त त्रासदायक कंपनं सेकंदाला चार ते आठ या पट्ट्यातली असतात, हे मानवी कंपनांच्या आंतरराष्ट्रीय मानकात नोंदलेलं आहे. स्प्रिंग जसजशी कडक कराल, तसतशी गाडी त्या पट्ट्याकडे सरकते. शिवाय स्प्रिंग दुप्पट कडक केली, तर तितकाच ताबा ठेवायला शॉकअपचा जोर सुमारे 41 टक्के वाढवावा लागतो. बाजारात सर्रास काय होतं? खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा घेतल्या जातात आणि त्या 60-70 हजार किलोमीटर चाललेल्या मूळ शॉकअपवर चढवल्या जातात. मग गाडी महामार्गावर डुलते आणि गल्लीत आपटते.

आपटण्याचं कारण साधं आहे. समजा, चाकाला वर जायला बंप स्टॉपपर्यंत 50 मिलिमीटर जागा होती आणि गाडी 30 मिलिमीटर खाली आणली. उरले 20. प्रत्येक खड्डा आता रबरावर संपणार. असा मालक गॅरेजमध्ये ‘शॉकअप फार कडक लागतायत’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा शॉकअप बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याला हलायला जागाच ठेवलेली नसते.

माझदा एमएक्स-5 उर्फ मिआटा ही याची जगभर तपासली गेलेली प्रयोगशाळा म्हणावी लागेल. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली. 2016 पर्यंत दहा लाख गाड्या तयार झाल्या. भारतात ती अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी अभियंत्याला जुनी, परवडणारी स्पोर्ट्स कार हवी असेल तर पहिलं नाव हेच निघतं. जुन्या मिआटात चाकाला वर जायची जागा मुळातच कमी. त्यामुळे तिला आणखी खाली आणणाऱ्यांना आराम फार लवकर गमवावा लागतो. ज्यांनी उंची जवळपास मूळची ठेवली, नवे बंप स्टॉप टाकले आणि पैसा चांगल्या शॉकअपवर खर्च केला, त्यांची गाडी रोज ऑफिसलाही जाते आणि रविवारी डोंगरातही.

चांगला म्हणजे कोणता? जर्मनीतल्या बिल्स्टाइनने एका नळीचा, दाबाखालच्या वायूचा शॉकअप कारखान्यातल्या गाड्यांत आणला. 1957 साली मर्सिडीज-बेंझपासून त्याची सुरुवात झाली. त्यात तेल आणि वायू वेगळे राहतात, म्हणून लांब घाटात तापूनही फेस होत नाही. मात्र वायूच्या दाबामुळे आणि घट्ट सीलमुळे बारीक खडबड किंचित जास्त जाणवते. याच कंपनीचा बी-4 मूळ शॉकअपच्या जागी बसणारा, बी-6 मूळ उंचीवर पण अधिक ताब्यासाठी, तर बी-8 आखूड, खाली बसवलेल्या गाडीसाठी. गाडी खाली आणायची नसेल तर बी-8 घेण्यात अर्थ नाही, तरी ‘मोठा आकडा म्हणजे चांगला माल’ समजून तो मागितला जातो. नेदरलँड्सची कोनी ही 1857 साली घोड्यांचा साज बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली. तिचा पिवळा स्पोर्ट शॉकअप कमी-जास्त करता येतो, पण बहुतेक गाड्यांत तो फक्त उलट्या, म्हणजे लांब होतानाच्या हालचालीसाठी. तो जोर फार वाढवला तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली यायला वेळच उरत नाही आणि गाडी हळूहळू बसत जाते. सर्वांत मऊ जागेपासून सुरुवात करून थोडं थोडं वाढवावं. कोनीचाच स्पेशल अ‍ॅक्टिव्ह हा प्रकार थरथर वेगवान असेल तर आतली वेगळी वाट उघडतो. त्याला फिरवायला नॉब नाही, आणि रोजच्या गाडीसाठी तोच अधिक शहाणा पर्याय.

जोर तीस-बत्तीस क्लिकनी बदलणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगेसकट येणारे शॉकअप, बघून भुलू नये. क्लिकची संख्या आतल्या व्हॉल्व्हबद्दल काहीच सांगत नाही.

विजेवर जोर बदलणाऱ्या शॉकअपची गोष्ट वेगळी. लोखंडाचे कण मिसळलेलं तेल चुंबकीय क्षेत्राने घट्ट करणारी मॅग्नेराइड ही पद्धत 2002 साली कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आली आणि लगेच कॉर्व्हेटमध्ये पोचली. ती उत्तम चालते, बदलायची वेळ आली की खर्चही तितकाच दणदणीत. गाडीत मुळातच अशी सोय असेल तर ती काढून साधे शॉकअप टाकण्याची घाई नको. फेरारीने 458 इटालियाच्या स्टिअरिंगवर खास बटण दिलं: इंजिन आणि गिअर शर्यतीच्या मोडमध्ये ठेवा, शॉकअप तेवढे मऊ करा. ही सोय तिथल्या अभियंत्यांनी आवश्यक मानली, याकडे कडकपणाच्या चाहत्यांनी लक्ष द्यावं.

पुण्या-मुंबईत पोर्शे, मिनी, बीएमडब्ल्यू रोज चालवणारे आता थोडे नाहीत. त्यांचा रोजचा रस्ता म्हणजे द्रुतगती मार्गाचे सिमेंटचे सांधे, मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 सालच्या मानकात गतिरोधकाची गोलाई 17 मीटर त्रिज्येची, रुंदी 3.7 मीटर आणि उंची 10 सेंटिमीटर सांगितली होती. सोसायटीच्या दारातले अरुंद, उभट उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. ताम्हिणी घाटातला रविवार डोळ्यांसमोर ठेवून शॉकअप निवडायचा आणि उरलेला आठवडा त्याची शिक्षा भोगायची, यात शहाणपण नाही.

स्प्रिंगांची जोडीही जपायला हवी. मॉरिस ओली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइसमधून कॅडिलॅकमध्ये आला आणि 1930 च्या दशकात त्याने एका गाडीवर वजनं पुढे-मागे सरकवत प्रयोग केले. पुढच्या स्प्रिंगांची लय मागच्यांपेक्षा थोडी संथ असेल तर खड्डा नंतर लागूनही मागची बाजू पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते, हे त्याने दाखवलं. पुढे एका कंपनीची कडक स्प्रिंग आणि मागे दुसऱ्याच कंपनीची अशी भेसळ केली की ही लय मोडते, आणि डोकं पुढे-मागे हलायला लागतं.

बसवतानाची एक गोष्ट पैशाशिवाय फरक पाडते. कंट्रोल आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या रोजच्या उंचीवर आवळावेत. नाही तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, चांगला शॉकअपही ताठ वाटतो आणि बुश लवकर फाटतात. टॉप माउंट, बंप स्टॉप आणि धूळकव्हर जुनीच ठेवण्याची काटकसरही महागात पडते. बॉनेट दाबून बघण्याच्या चाचणीवर विसंबू नये. त्यात पूर्ण मेलेला शॉकअप तेवढा ओळखू येतो, थकलेला नाही.

शॉकअप विकणाऱ्याने बिलाबरोबर दोन गोष्टी द्याव्यात, अशी मागणी ग्राहकांनी आता करायला हवी: कोणत्या वेगाला शॉकअप किती जोर धरतो याचा आलेख, आणि बसवल्यावर बंप स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर जागा उरली याची नोंद. चाकण आणि नाशिकला गॅब्रिएलसारखी, 1961 पासून याच धंद्यात असलेली कंपनी गाड्यांच्या कारखान्यांना शॉकअप पुरवते. आपल्या रस्त्यांसाठी व्हॉल्व्ह जुळवण्याचं ज्ञान महाराष्ट्रात नाही असं नाही. बिल्स्टाइन किंवा ओहलिन्सचा शॉकअप उघडून, तेल आणि सील बदलून, आतल्या पातळ चकत्या नव्याने रचता येतात. युरोप-अमेरिकेत हे काम करणारी छोटी वर्कशॉप ठिकठिकाणी आहेत. पुण्याच्या आसपास अशी आणखी वर्कशॉप उभी राहिली, तर परदेशी रस्त्यांसाठी जुळवलेला महागडा संच हजार किलोमीटरांत काढून विकायची वेळ बऱ्याच जणांवर येणार नाही.