आवाज वाढला, शब्द हरवले

संगीत नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर येते, 'गाणी छान झाली, पण शब्द काही कळले नाहीत.' त्यावर पुढच्या रांगेतला सांगतो की त्याला तर कानठळ्या बसल्या. बाल्कनीतून उतरलेला तिसरा दोघांकडे आश्चर्याने पाहतो, कारण त्याला सगळे स्वच्छ ऐकू आलेले असते. मग कोणीतरी ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याकडे निरोप धाडतो, 'आवाज जरा वाढवा.' दुसऱ्या अंकात आवाज वाढतो. शब्द तरीही कळत नाहीत. साठी ओलांडलेला प्रेक्षक घरी जाताना मनाशी ठरवतो की दोष आपल्याच कानांचा आहे, आता नाटक पुरे.

हा निष्कर्ष फार तर अर्धा खरा आहे. वयाबरोबर कान बदलतात हे मान्य. पण त्या कानांपर्यंत आवाज कोणत्या अवस्थेत पोहोचतो, याची जबाबदारी नाट्यगृहाची आणि प्रयोगाची आहे. ती जबाबदारी आज कोणीच घेत नाही. निर्माता सभागृहाकडे बोट दाखवतो, सभागृहाचा व्यवस्थापक ध्वनिक्षेपकवाल्याकडे आणि ध्वनिक्षेपकवाला प्रेक्षकांच्या वयाकडे.

मुळात 'ऐकू येणे' आणि 'कळणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलण्यातल्या स्वरांमध्ये जोर असतो, आणि त्यांची बरीचशी ऊर्जा ढोबळमानाने हजार हर्ट्झच्या खाली असते. शब्दाचा अर्थ मात्र मोठ्या प्रमाणात व्यंजनांवर ठरतो. 'साल' की 'शाल', 'पळ' की 'फळ', 'तर' की 'थर', हा फरक सेकंदाच्या काही शतांश भागात होऊन जातो. तो सांगणारी ध्वनीची धार दोन हजार हर्ट्झच्या वर असते आणि स्वरांच्या तुलनेत फार क्षीण असते. आलाप आणि ताना स्वरांवर चालतात, म्हणून 'गाणी छान' वाटतात. शब्द व्यंजनांवर चालतात, म्हणून ते हरवतात. रांगेतल्या त्या प्रेक्षकाची तक्रार शास्त्रीयदृष्ट्या अगदी अचूक असते.

आता सभागृह. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह निरुपयोगी ठरले होते. वक्त्याचा प्रत्येक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि तेवढ्या वेळात पुढचे डझनभर शब्द त्यावर येऊन आदळायचे. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञावर ते दुरुस्त करण्याचे काम आले. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान, एवढ्या सामग्रीवर तो रात्री-अपरात्री प्रयोग करीत असे. शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायच्या, मोजमाप करायचे आणि सकाळ होण्यापूर्वी त्या परत नेऊन ठेवायच्या. यातून निघालेला नियम आजही वापरला जातो. सभागृह जितके मोठे, तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि आवाज शोषणारे साहित्य जितके जास्त, तितका तो लवकर विरतो. प्रेक्षकही आवाज शोषतात. सॅबिनच्या हिशेबात एक माणूस साधारण सहा गाद्यांइतका आवाज शोषत होता.

भाषणासाठी घुमण्याचा हा काळ सेकंदभर किंवा त्याहून कमी लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला मात्र सुमारे दोन सेकंद हवे असतात, त्याशिवाय संगीत कोरडे वाटते. नाट्यसंगीताची अडचण इथेच आहे. त्याला संवादही हवेत आणि सूरही भरलेला हवा. आपली बहुतेक सभागृहे तर भाषणे, सत्कार, शाळांची गॅदरिंग आणि वाद्यवृंद अशा सगळ्यांसाठी एकच म्हणून बांधलेली असतात.

दौऱ्यावरच्या नाटकाला यात आणखी एक गाठ पडते. कंपनीची बस दुपारी गावात पोहोचते, नेपथ्य उभे राहते आणि आवाजाची तपासणी रिकाम्या सभागृहात होते. रात्री तेच सभागृह माणसांनी भरते आणि दुपारी लावलेला हिशेब बदलतो. खुर्च्यांना जाड कापडी गाद्या असतील तर हा फरक कमी पडतो, कारण रिकामी खुर्चीही माणसाइतकाच नाही, तरी बराच आवाज शोषते. पुसायला सोपे म्हणून रेक्झिन लावले, की फरक वाढतो. नूतनीकरणात खुर्च्या, फरशा आणि दिवे बदलल्याच्या बातम्या छापून येतात. त्यानंतर सभागृहाचा घुमण्याचा काळ किती झाला, हा आकडा मात्र बातमीत कधी दिसत नाही.

२०२३ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक' आणि २०२५ मध्ये 'द फँटम ऑफ द ऑपेरा' या परदेशी संगीतिका मुंबईत आल्या. असे दौरे एका ठिकाणी बरेच दिवस मुक्काम करतात, त्यामुळे ध्वनितंत्रज्ञांना त्या वास्तूशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो. मराठी नाटकाला आज ठाणे, उद्या नाशिक, परवा कोल्हापूर. या दोन गोष्टींची तुलना करून आपल्या तंत्रज्ञांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांना तीन तासांत जे जमते ते कौतुकाचेच आहे.

आता त्या निरोपाकडे पाहू, 'आवाज जरा वाढवा.' कानाच्या आत, शंखाकृती भागात, ध्वनींची जागा वारंवारतेनुसार ठरलेली असते. खालच्या, जाड आवाजामुळे जी हालचाल होते, ती वरच्या, बारीक आवाजांच्या जागेवरही पसरते आणि त्यांना झाकून टाकते. उलट दिशेने हे तितकेसे होत नाही. महत्त्वाचे असे की आवाज जितका मोठा, तितके हे झाकणे वरच्या दिशेला जास्त पसरते. म्हणजे तबल्याच्या डग्ग्यासकट, ध्वनिमुद्रित पार्श्वसंगीतातल्या घुमाऱ्यासकट सगळेच वाढवले, तर व्यंजने आणखी बुडतात. त्यात पडदे आणि गाद्या वरचे आवाज चांगले शोषतात, खालचे फारसे शोषत नाहीत. त्यामुळे सभागृहात सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो तो घुमाराच. काही वेळा उपाय अगदी उलटा असतो, खालचे आवाज उतरवायचे आणि एकूण पातळी तशीच ठेवायची.

वय वाढलेल्या कानांत प्रथम कमी होतात ते हेच वरचे आवाज. शिवाय बारीक ऐकू येणे आणि असह्य वाटणे यांतले अंतर आकसते. तीच व्यक्ती आधी 'ऐकू येत नाही' म्हणते आणि थोडा आवाज चढताच 'ओरडू नका' म्हणते, तेव्हा घरातले वैतागतात. पण हे चिडखोरपणाचे लक्षण नाही, आतल्या कानाची झीज अशीच वागते. गोंगाटात एका माणसाचे बोलणे वेगळे काढण्यासाठी मेंदू दोन्ही कानांतल्या सूक्ष्म फरकांवरून आवाजाची दिशा ओळखतो. रंगमंचावर डावीकडे नायिका, उजवीकडे नायक आणि विंगेजवळ वादक असतात, पण सगळ्यांचा आवाज त्याच एका खोक्यातून येतो. दिशेचा आधार तुटतो. तरुण मेंदू ते भागवून नेतो. सत्तरीतला मेंदू दोन अंकांत थकतो आणि नाटक 'कंटाळवाणे' होते.

इथे आरोग्याचा प्रश्न खरा सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढच्या लोकांपैकी पाव भागाहून अधिक जणांना दैनंदिन व्यवहारात अडचण आणणारा श्रवणदोष असतो. 'लॅन्सेट' आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली, त्यात श्रवणदोष आहे. नाटक सोडले म्हणून कोणाला स्मृतिभ्रंश होत नाही, हे वेगळे सांगायला नको. पण ऐकायला त्रास होतो म्हणून माणूस आधी नाटक सोडतो, मग लग्नसमारंभ, मग कट्टा. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांत कोणत्या वयाचे लोक बसतात, हे पाहण्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

मोठ्या आवाजाने होणारी थेट इजा हा दुसरा मुद्दा. संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र जेमतेम चार तास. २०२२ मध्ये तिने कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीवर १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली, आणि त्याच्या जोडीला सभागृहाची ध्वनिरचना सुधारण्याचीही शिफारस केली. महिन्यातून एकदा नाटक पाहणाऱ्याने याची फार धास्ती घेऊ नये. ध्वनिक्षेपकाच्या पुढ्यात बसणाऱ्याने थोडी घ्यावी. रोज प्रयोग करणाऱ्या वादकांनी आणि ध्वनितंत्रज्ञांनी मात्र नक्की घ्यावी. मोठ्या आवाजात काही तास काढल्यावर कान तात्पुरते बधिर होतात. अशा कानांनी आवाजाचा तोल साधणारा माणूस नकळत सगळे चढवत जातो.

'माइकच काढून टाका,' हा जुन्या रसिकांचा आवडता उपाय. १८८० मध्ये किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा माइक नव्हते, आणि १९२१ च्या बालगंधर्व-केशवराव भोसले यांच्या 'संयुक्त मानापमान'मध्येही नव्हते. साथ मोजकी होती, गळे त्या तालमीत तयार झालेले होते आणि वातानुकूलन यंत्राची घरघर नव्हती. हे सगळे खरे. मागच्या रांगेतल्यांच्या आठवणी मात्र फारशा छापल्या गेलेल्या नाहीत. आजच्या मोठ्या सभागृहात, आजच्या संगीतरचनेसह माइक काढणे म्हणजे शेवटच्या दहा रांगांना घरी पाठवणे. चूक माइकची नाही. तो कुठे लावला, किती एकाच वेळी चालू ठेवले आणि त्यांचा आवाज कुठून सोडला, तिथे ती असते. दोन नट जवळ उभे असताना दोघांचेही माइक चालू असले, की एकच आवाज किंचित पुढे-मागे दोनदा पकडला जातो आणि पोकळ ऐकू येतो.

करण्यासारख्या गोष्टी महाग नाहीत, निदान सगळ्या नाहीत. रंगमंचाच्या दोन बाजूंना दोन अजस्र खोकी ठेवून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याऐवजी मध्ये आणि बाल्कनीखाली लहान ध्वनिक्षेपक हळू आवाजात लावता येतात. हवेत आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागच्या ध्वनिक्षेपकांना तेवढा उशीर द्यावा लागतो, नाहीतर तिथे प्रत्येक शब्द दोनदा येतो. बाल्कनीच्या छताखालच्या रांगांना याचा सर्वाधिक फायदा होतो. आवाजाचा तोल साधणाऱ्याला काचेमागच्या खोलीतून बाहेर काढून प्रेक्षकांत बसवावे, कारण काचेच्या आत ऐकू येतो तो आवाज बाहेर कोणालाच ऐकू येत नसतो. यासाठी चार-सहा खुर्च्यांचे उत्पन्न बुडते. निर्मात्याच्या कपाळावर आठी पडेल, पण ती खुर्च्यांची सर्वांत चांगली गुंतवणूक ठरेल.

आणि मोजमाप. बहुतेक नाट्यगृहे महापालिकांची, म्हणजे करदात्यांची आहेत. आसनसंख्या आणि भाडे जसे जाहीर असते, तसा घुमण्याचा काळ आणि वातानुकूलन चालू असतानाच्या शांततेची पातळी जाहीर करायला काय हरकत आहे? दौऱ्यावर निघणारा तंत्रज्ञ तो आकडा पाहून तयारीने येईल. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांच्या काळातले. २०२४ च्या ऑगस्टमधल्या आगीत ते जळाले, तेव्हा कलावंत हळहळले ते तिथल्या आवाजासाठीही. त्याच्या पुनर्उभारणीत भिंती जुन्यासारख्या दिसतील की नाही, यावर पुष्कळ बोलले गेले. लाकूड, कापड, छताची उंची आणि प्रेक्षागृहाचा आकार यांतून आवाज घडतो. रंग आणि नक्षीने तो परत येत नाही, म्हणून तिथेही आधी मोजणीच हवी.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सोय असते. ही यंत्रे समोर बसलेल्या माणसाचे बोलणे चांगले पोहोचवतात, पण वीस मीटरवरचा आवाज टिपताना सभागृहाचा घुमाराही तितकाच मोठा करतात. त्यावर उपाय म्हणजे काही रांगांखाली तारेचे एक वेटोळे. माइकमधला आवाज त्यातून चुंबकीय लहरींच्या रूपाने थेट श्रवणयंत्रातल्या टी-कॉइलपर्यंत जातो, मधली हवा, भिंती आणि खोकणारा शेजारी वगळून. लंडनमध्ये अशा सोयी असलेली नाट्यगृहे आहेत आणि तिकीट काढताना त्यांबद्दल विचारता येते. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानला आहे, पण नाट्यगृहांच्या दुरुस्तीची चर्चा उतरंडीपाशी आणि स्वच्छतागृहापाशी थांबते.

तोवर प्रेक्षकाने आपल्या परीने काय करावे? महागडे पहिल्या रांगेचे तिकीट आवाजाच्या दृष्टीने बहुधा चांगले नसते. मधल्या रांगा, बाल्कनीच्या छताच्या बाहेर, आणि कलाकारांचे ओठ दिसतील इतक्या अंतरावर, ही जागा बरी. शब्द कळत नसतील तर कानांची तपासणी जरूर करावी, पण बारीक 'टूं' ऐकू येतो का, एवढ्यावर न थांबता गोंगाटात शब्द कळतात का, हेही तपासून मागावे. शांत खोलीत उत्तीर्ण होणारे कान सभागृहात अडखळू शकतात. श्रवणयंत्र घ्यायची वेळ आली, तर त्यात टी-कॉइल आहे का हे विकत घेण्यापूर्वीच विचारावे. लहान आकाराच्या काही यंत्रांत ती नसते, आणि पुढे कधी नाट्यगृहात वेटोळे बसले, तरी अशा यंत्राला त्याचा उपयोग होणार नाही.