अंगण खरेच वाकडे आहे काय?

मागच्या हिवाळ्यात सुरतेच्या एका रेंजवर माझ्याबरोबर एक विद्यार्थी आला होता. पन्नास मीटरवर पाच गोळ्या झाडून त्याने कागद पाहिला, रायफल खाली ठेवली आणि म्हणाला, "सर, ही कारखान्याची साधी रायफल आहे. हिच्यावर काही होणार नाही. परदेशी घेतली तरच पुढे." शेजारी उभे असलेले एक वयस्क प्राध्यापक लगेच हसून म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडे!" मुलगा गप्प बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

या दोघांपैकी बरोबर कोण? माझ्या मते दोघेही चूक. मुलाने अंगण न मोजताच वाकडे ठरवले आणि प्राध्यापकांनी ते न मोजताच सरळ ठरवले. नेमबाजीत हा प्रश्न मतांनी सोडवायचा नसतो. तो कागदावर, मिलिमीटरमध्ये सुटतो.

मित्रहो, थोडे गणित करू. पन्नास मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. गोळी 5.6 मिलिमीटरची. वर्तुळाच्या रेषेला गोळीचा नुसता स्पर्श झाला तरी दहा गुण. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरपर्यंत ढळला तरी दहा मिळतात. तेव्हा वाळूच्या पिशवीवर टेकवून झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका पंधरा मिलिमीटरच्या आत बसत असेल, तर ती रायफल नेमबाजाला दहाच्या दहा देऊ शकते. दशांशाचे गुण मोजतात तेथे 0.8 मिलिमीटरला एक दशांश जातो आणि तेथे उत्तम रायफलीचे मोल निश्चित आहे. पण आपण अजून त्या उंबरठ्यावर तरी आहोत काय?

म्हणून पहिली पायरी पैशाची नसून वहीची आहे. रायफल पिशवीवर ठेवून पाच-पाच गोळ्यांचे निदान चार पुंजके घ्यावेत, मोजावेत, तारीख टाकून लिहावेत. तीन गोळ्या योगायोगानेही एकत्र पडतात, त्यांवर विसंबू नये. मग तीच रायफल हातात धरून झाडावी. पिशवीवर पंधरा आणि हातात साठ मिलिमीटर येत असतील, तर पंचेचाळीस मिलिमीटरचा दोष आपल्या खांद्यात, श्वासात आणि बोटात आहे. तो कोणत्याही दुकानात बदलून मिळत नाही.

पिशवीवरचाच पुंजका मोठा येत असेल तर मात्र अंगण खरोखर वाकडे आहे आणि ते क्रमाने सरळ करता येते. यात क्रम महत्त्वाचा. आधी गोळ्या. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एका खेपेच्या काडतुसांनी विखुरणारी रायफल दुसऱ्या खेपेच्या काडतुसांनी शहाण्यासारखी वागते. मग दस्त्याचे पेच: सैल आहेत की एक घट्ट, एक ढिला? त्यानंतर दस्त्याची लांबी आणि गालाची उंची. कारखाना सरासरी माणसासाठी दस्ता बनवतो आणि सरासरी माणूस कोठेच भेटत नाही. लाकडाची एक चकती, गालाखाली एक पट्टी, एक चांगली स्लिंग एवढ्यानेही अंगाचा ताण उतरतो.

पुढची पायरी आमच्या सुरतेच्या पावसाळ्याने मला शिकवली. तापीकाठच्या दमट हवेत लाकडी दस्ता फुगतो, नळीला एका बाजूने रेटतो, आणि मे महिन्यात मध्यावर बसणाऱ्या गोळ्या जुलैत बाजूला सरकतात. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची घडी सहज सरकते का, हे पाहावे. अडकत असेल तर ती जागा मोकळी करून घ्यावी, आणि रायफलीचा गाभा दस्त्यात पक्का बसावा म्हणून इपॉक्सीची बैठक करून घ्यावी. मग भोकाची सूक्ष्म मागली साइट, मग ट्रिगर, आणि सर्वांत शेवटी नळी. आपण मात्र उलटीकडून सुरुवात करतो.

येथे एक कबुली देतो. तरुणपणी मी एकाच आठवड्यात साइट बदलली, ट्रिगर हलका करून घेतला आणि काडतुसेही बदलली. पुंजका बिघडला. कशामुळे, ते मला आजही सांगता येणार नाही. आमच्या शहरातला हिरे घासणारा कारागीर एक पैलू पाडताना दर थोड्या वेळाने हिरा चाकावरून उचलतो, भिंगाखाली धरतो आणि मगच पुढे घासतो. एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक बदलानंतर मोजमाप, ही शिस्त मी पुस्तकातून नव्हे, त्याच्याकडे पाहून शिकलो.

एक इशाराही हवा. ट्रिगर, बोल्ट, नळी ही घरी कानस घेऊन करायची कामे नव्हेत. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, तेव्हा ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे. एन.सी.सी.ची पॉइंट टू-टू रायफल तर सरकारची, तिच्या पेचालाही आपण हात लावू नये. तिच्यावर कॅडेटला स्वतःलाच सुधारायचे असते, आणि ते काही थोडे काम नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे सारे गरिबांना समजावण्याचे तत्त्वज्ञान झाले. तसे नाही. कोल्हापूरकडे पाहा. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुणांसह जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेऊन उभा राहिला. पात्रता फेरीत त्याचे गुण होते 600 पैकी 590 आणि क्रमांक सातवा. जगातल्या उत्तम साधनांनिशीही साठ गोळ्यांत दहा गुण गेलेच! या खेळाडूंना चांगली रायफल लागली, हे खरेच. पण त्याआधी लागले रेंज, प्रशिक्षक आणि हजारो काडतुसे. स्वप्नीलला ते राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मिळाले. रायफल हे त्या जिन्याचे वरचे पाऊल होते, पहिले नव्हे.

म्हणून महाविद्यालयांना माझे सांगणे असे, की क्रीडा विभागाच्या तुटपुंज्या रकमेतून एक भारी रायफल घेऊन ती कपाटात पूजेला ठेवू नका. त्याच पैशांत काडतुसे घ्या, वाळूच्या पिशव्या भरा, महिन्यातून दोनदा जाणता प्रशिक्षक बोलवा, आणि प्रत्येक रायफलीची एक वही ठेवा. दोन वर्षांनी त्या वहीनेच सांगितले की या मुलीला आता ही रायफल अपुरी पडते, तर मात्र हात आखडू नका. तेव्हाही तिला "अंगण वाकडे" म्हणून हिणवणे हा अन्याय होईल.

तो रेंजवरचा मुलगा मला मध्यंतरी बाजारात भेटला. मी त्याला एवढेच म्हणालो, "बाबा, ये एकदा. आधी पिशवीवर मोजू." त्याच्या रायफलीचा पुंजका किती आला असता, हे त्याला माहीत नाही आणि त्याला हसणाऱ्या प्राध्यापकांनाही नाही. एका म्हणीने एक नेमबाज गमवावा, इतके नेमबाज आपल्याकडे शिल्लक आहेत काय?