वायरीला काळी टेप की ट्यूब?

मिक्सरची किंवा टेबल फॅनची वायर फाटली की बहुतेक घरांत काळी टेप गुंडाळली जाते. उन्हाळ्यात त्या टेपचा गोंद पाघळतो, टोक सुटते आणि फाटलेली जागा पुन्हा उघडी पडते. घरातली वीज २३० व्होल्टची. अम्मी ओल्या हाताने मिक्सर सरकवते, रांगते मूल वायर तोंडात घालते. म्हणून ही दुरुस्ती पक्की हवी.

इलेक्ट्रिकच्या दुकानात 'हीट श्रिंक ट्यूब' मागा. ही प्लास्टिकची पोकळ नळी गरम केली की आक्रसते आणि वायरीला घट्ट बसते. २:१ असे लिहिलेली नळी निम्म्या मापापर्यंत आवळते, ३:१ ची एक तृतीयांशापर्यंत. वायरीवरून सहज सरकेल, पण आवळल्यावर सैल राहणार नाही, असे माप घ्यावे. ओल असते तिथे आतून गोंद असलेली नळी चांगली.

आधी प्लग बोर्डातून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. मग फाटलेली जागा नीट पाहा.

फक्त वरचे आवरण फाटले असेल आणि आतल्या रंगीत तारा शाबूत असतील, तर ट्यूब योग्य. प्लगचे स्क्रू सैल करून तारा सोडवा. कोणती तार कुठे होती ते लिहून ठेवा. हिरवी तार अर्थिंगची, ती जाड पिनेलाच. फाटलेल्या भागापेक्षा दोन्ही बाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर लांब नळी कापून वायरीवर सरकवा. हीट गनने मधून कडांकडे गरम करत न्या, म्हणजे आत हवा अडकत नाही. लायटर वापरलात तर ज्योत एका जागी धरू नका. नळी करपते आणि खालच्या तारेचे आवरणही वितळते. थंड होईपर्यंत वायर वाकवू नका. मग प्लग पुन्हा जोडा.

तांबे दिसत असेल किंवा तारेचे पदर तुटले असतील, तर ट्यूब हा उपाय नाही. ती विजेपासून बचाव करते, ओढ सहन करत नाही. बिघाड प्लगजवळ असेल तर तेवढा तुकडा कापून उरलेल्या वायरीला प्लग बसवा. मध्येच असेल तर पूर्ण वायर बदला.

इस्त्री, हीटर आणि पाणी तापवण्याचा रॉड यांच्या वायरीला मध्ये जोड कधीच देऊ नये. १००० वॅटची इस्त्री चार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते. जोड कच्चा असून त्यात अर्धा ओहम रोध आला, तरी त्या एवढ्याशा जागी सुमारे ९ वॅट उष्णता साठत राहते. वरची ट्यूब नीटनेटकी दिसते आणि आत जोड जळत असतो. आग अशीच लागते.

दुरुस्तीनंतर पाच मिनिटे यंत्र चालवा, प्लग काढा आणि मग त्या जागेला हात लावून पाहा. गरम लागली किंवा वास आला, तर यंत्र बाजूला ठेवून वायरमनला बोलवा. नवी वायर घेताना जुन्या वायरीचा तुकडा दुकानात न्यावा. तारेची जाडी त्याहून कमी नसावी.