बोटीवरचा सोहळा आणि मावळता सूर्य

दिवाळीतील वहीपूजन आटोपले, पाडव्याचा मुहूर्ताचा सौदा झाला, की आपल्या घरांतून प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी त्या श्रवणबेळगोळ, गिरनार किंवा सम्मेद शिखरजी यांच्यापाशी येऊन थांबत. हल्ली त्यांत ‘क्रूझ’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. कुणी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे निघालेले असते, कुणी सिंगापूरला विमानाने जाऊन तेथून बोटीवर चढणार असते. आणि निमित्त बहुधा घरातील वडीलधाऱ्यांची एकसष्टी किंवा लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. प्रथमच निघालेल्या भगिनी मला तीन प्रश्न विचारतात. कपडे कोणते न्यावेत, नोकरवर्गाला बक्षिसी किती द्यावी आणि बोटीवर केक मिळतो का. तिन्हींची उत्तरे सोपी आहेत. चौथा प्रश्न कुणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता, म्हणून आधी आमचीच हकीकत सांगते.

माझे थोरले दीर आणि जाऊबाई, ज्यांना घरात सारे अण्णा-अक्का म्हणतात, त्यांच्या विवाहाला पन्नास वर्षे झाली. मुलांनी डिसेंबरात मुंबईहून बोटीचा बेत ठरवला. सांगलीहून आम्ही २१ जण निघालो. दुसऱ्या रात्री मोठ्या भोजनगृहात केक कापायचा, वाजंत्री वाजवायची आणि अक्कांना आधी काही कळू द्यायचे नाही, असे ठरले. वेळ मिळाली ती भोजनाच्या दुसऱ्या पाळीची, पावणेनऊची.

अक्कांचा रात्रिभोजनत्याग २२ वर्षांचा. सूर्य मावळल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नाहीत. हे मुलांना ठाऊक नव्हते असे नाही. ज्या घरात आईचे ताट साडेपाचला मांडले जाते, तिथे ते ठाऊक असणारच. पण ‘फक्त कापायचाच तर आहे’ अशी समजूत सर्वांनी घालून घेतली होती. प्रत्यक्षात काय झाले? दिवे मंद झाले, वेटर टाळ्या वाजवीत रांगेने आले, केक समोर ठेवला गेला, आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा अण्णांनी अक्कांच्या तोंडापाशी नेला. शेजारच्या टेबलांवरील अनोळखी माणसे कौतुकाने पाहत होती, कुणी मोबाइल वर धरला होता. अक्कांनी हात जोडले. कुणीतरी म्हणाले, ‘एक कण तरी, आजच्या दिवशी!’ अक्का तशाच हात जोडून बसून राहिल्या. अण्णांचा हात हवेतच राहिला. आमच्याकडे त्या क्षणाचे छायाचित्र आहे. ते अजून कुणी चौकटीत घातलेले नाही.

सर्वांत वाईट वाटले ते त्या वेटरला. मडगावकडचा तरुण मुलगा होता, तारवटी घराण्यातला. केकमध्ये काही चूक झाली असावी असे वाटून तो माझ्यापाशी येऊन हळूच विचारू लागला. मी त्याला अक्कांचा नियम सांगितला. तो म्हणाला, ‘मावशी, हे मला दुपारी कळलं असतं तर?’ त्याच्या त्या साध्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः स्वयंपाकघरात शब्द टाकला. सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. पाच वाजता वरच्या डेकवर, वाऱ्याच्या आडोशाला, त्याने एक टेबल लावून दिले. त्यावर रव्याचा साधा शिरा, उकळून गार केलेले पाणी आणि एका वाटीत थोडे काजू. वाजंत्री नाही, टाळ्या नाहीत. अण्णांनी पहिला घास दिला, अक्कांनी तो घेतला, आणि मग अण्णांनाही एक भरवला. आमचा धाकटा नातू मात्र वाद घालीत होता की, ‘आज्जी, खालच्या मजल्यावरून सूर्य आधी बुडतो, इथून अर्धं मिनिट जास्त दिसतो, आणखी एक घास बसेल.’ त्याचे भौतिकशास्त्र बरोबर होते. उंचावरून क्षितिज थोडे खाली सरकते आणि सूर्य तेवढाच उशिरा लोपतो. अक्कांनी तरी हात धुतले.

म्हणून चौथा प्रश्न हा की, ज्यांच्यासाठी समारंभ आहे त्यांच्या नियमात तो कोणत्या वेळी बसतो? बोटीवरील माणसे हे कधीच ओळखू शकत नाहीत; त्यांना सांगावे लागते, आणि तेही लेखी, निघण्यापूर्वी काही आठवडे. तिकीट काढतानाच एजंटाकरवी कळवावे आणि बोटीवर चढल्यावर पहिल्याच दुपारी भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावे. ‘जैन’ एवढा एकच शब्द लिहून भागत नाही. भारतीय प्रवाशांची सवय असलेल्या बोटींवर त्याचा अर्थ बहुधा कांदा, लसूण, बटाटा नाही एवढा समजला जातो. गाजर, बीट, मुळा, ओले आले यांची नावे घालून लिहावे. अंड्याविना केक हवा असेल तर तो आधी सांगावा लागतो. आणि गोड पदार्थांत एक गोष्ट सहज सुटते ती म्हणजे जिलेटिन. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते आणि मूस, जेली, काही पुडिंगे यांत असते. पदार्थात अंडे नाही म्हणून तो आपल्याला चालेलच असे नाही. भोजनाची पहिली पाळी मागून घ्यावी. तीही सूर्यास्तानंतर सुरू होत असेल, तर संध्याकाळच्या चहाच्या वेळी वेगळे ताट मिळेल का, हे विचारायला संकोच कशाचा?

ऋतू आणि ठिकाणही पाहावे. मुंबईच्या किनाऱ्याला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातनंतर. सिंगापूर विषुववृत्ताजवळ असल्यामुळे तेथे बारा महिने सूर्यास्त सातच्या आसपासच होतो. चौविहार पाळणाऱ्यांना ती बोट त्या दृष्टीने सोयीची.

आता दिव्याची गोष्ट. आपल्याकडे औक्षणाविना वाढदिवस पुरा होत नाही, आणि बोटीवर निरांजन, मेणबत्ती, उदबत्ती यांपैकी काहीही पेटवता येत नाही. समुद्रावर आगीसारखे दुसरे भय नाही. तेथे अग्निशामक बंब बाहेरून येत नसतो आणि पळायला अंगण नसते. कपड्यांची इस्त्री, पाणी तापवायची कांडी, किटली हीदेखील बहुतेक बोटींवर सामानाच्या तपासणीतच काढून ठेवतात. कुंकू, अक्षता, सुपारी न्यावी आणि बॅटरीवर चालणारा छोटा दिवा घ्यावा. खोलीची सजावट करायची तर भिंती बहुधा पोलादी असतात, त्यांवर लोहचुंबक बसते. टाचणी आणि चिकटपट्टी नको. फुगे अनेक बोटींवर चालत नाहीत. घरचा खाकरा, चिवडा नेण्याविषयीही आधी विचारून घ्यावे. बंद पाकिटातला कोरडा पदार्थ बहुधा चालतो, डब्यातला शिजवलेला नाही. परदेशी बंदरात उतरताना फळे बरोबर नेऊ नयेत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका येथे तो नियम फार कडक आहे.

आपल्या पुरुषमंडळींविषयी एक तक्रार नोंदवते. बोट निघण्यापूर्वी आपत्कालीन कवायत असते. आपल्या नेमलेल्या जागी जायचे, प्राणरक्षक जाकीट कसे घालतात ते पाहायचे, सात छोटे आणि एक लांब असा भोंगा ओळखायचा. आमच्याकडील तिघे त्या वेळी जिन्यात उभे राहून हळदीचा भाव विचारीत होते. ही कवायत म्हणजे पोरखेळ नव्हे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही प्रचंड बोट खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची सवलत होती. ती सवलत पुढे गेली. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. हजारो माणसे आपल्यामुळे खोळंबू नयेत, एवढा भाव तरी हळदीने सोडायला हरकत नाही.

कपड्यांविषयी थोडक्यात. एखाद्या संध्याकाळी नटून येण्याचा रिवाज असतो. नऊवार असो वा सहावार, रेशमी साडीपेक्षा चांगला पोशाख त्यासाठी नाही, आणि पुरुषांना बंद गळ्याचा कोट पुरतो. पोहण्याच्या तलावात मात्र पोहण्याचाच पोशाख लागतो. सुती ओढणी घेऊन उतरू देत नाहीत. भोजनगृहाच्या दारात हात धुण्याची सोय असते ती शोभेची नव्हे. बंद जागेत पोटाचे विकार फार वेगाने पसरतात.

बक्षिसीचे असे आहे की, आंतरराष्ट्रीय बोटींवर ती बहुधा दरडोई दररोज आपल्या खात्यात आपोआप चढवली जाते. काही ठिकाणी ती तिकिटातच असते. हिशोब ही आपल्या समाजाची जन्मजात विद्या. तेव्हा शेवटच्या रात्री बिल नीट वाचावे, आणि ती रक्कम त्यात असेल तर पुन्हा देण्याचे बंधन नाही. कुणी विशेष श्रम घेतले असतील तर निरोपाच्या वेळी पाकीट द्यावे. पण अण्णांनी केले तेही सांगते. त्यांनी पाकिटाबरोबर त्या मुलाच्या वरिष्ठांना त्याच्या नावानिशी पत्र लिहून दिले. ही मुले सहा-सहा, आठ-आठ महिने घरापासून दूर असतात. गोव्याची, कोकणाची, फिलिपिन्सची, इंडोनेशियाची. वरिष्ठांच्या हाती पडलेले असे पत्र त्यांच्या पुढच्या कराराच्या वेळी कामी येते. मात्र जेवता जेवता त्यांना ‘पगार किती रे?’ असे विचारणे आपण सोडले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी, ज्यांची मला आपल्या माणसांमुळेच लाज वाटली. एक, मध्यरात्री खोल्यांच्या गल्लीत रंगलेली अंताक्षरी. भिंती पातळ असतात, आणि पहाटे कामावर जाणारी माणसेही कुठेतरी झोपलेली असतात. दुसरी, अर्धी टाकलेली ताटे. घरी ताट धुऊन पिणारी, अन्नाचा कण न टाकणारी आपली माणसे, ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून ताट शीगोशीग भरतात आणि तसेच सोडून उठतात. २१ जणांसाठी पर्सा ठेवून सहा टेबले अडवणे हेही त्यातलेच. अक्कांनी एका संध्याकाळी नातसुनेचे उरलेले ताट शांतपणे आपल्यापुढे ओढले. सूर्य मावळायला तेव्हा दहा मिनिटे होती. कुणी काही बोलले नाही. पण त्यानंतर आमच्या टेबलावर काही उरले नाही.

आणि समुद्रात काहीही टाकायचे नाही. आगगाडी खाडीच्या पुलावर आली की नाणे टाकायची ज्यांची सवय आहे, त्यांचा हात बोटीच्या कठड्याशी आपोआप उचलला जातो. वाढदिवसाचे हार, पिशवीतले निर्माल्य, पाकिटाचा कागद, काहीच नाही. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास जगात कुठेही परवानगी नाही, आणि बोटीच्या अधिकाऱ्यांना त्याचा जाब द्यावा लागतो. जलचर जीवांचा विचार आपल्याला तर कुणी शिकवायला नको.

परतल्यावर डेकवरचे ते दुसरे छायाचित्र पेढीत अण्णांच्या गादीमागे लागले. त्यात शिऱ्याची वाटी दिसते, मागे पाणी सोनेरी झालेले आहे, आणि कोपऱ्यात त्या मडगावकराच्या बाहीचा काठ आला आहे. मुलांना आता हुरूप आला आहे. पुढच्या जून महिन्यात नॉर्वेच्या उत्तरेला जाणारी बोट घ्यायची, असे थोरला पुतण्या म्हणतो. तेथे त्या दिवसांत सूर्य आठवडेच्या आठवडे क्षितिजाखाली जातच नाही, हे नातवाने अक्कांना सांगितले. अक्कांनी बराच वेळ विचार केला. ‘मग तिथे जेवायचं केव्हा थांबायचं?’ असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न चातुर्मासात महाराज आले की त्यांच्यापुढे ठेवायचा, असे ठरले आहे. तोवर तिकिटे काढलेली नाहीत.