गिटार एकदाच विकते, तारा पुन्हा पुन्हा

धंदा वाढवायचा म्हणजे आयटम वाढवायचे, असं बरेच जण धरून चालतात. मला हे पटत नाही. का, ते बघा.

अमेरिकेतली मार्टिन ही गिटार बनवणारी कंपनी. जर्मनीहून आलेल्या सी. एफ. मार्टिन यांनी १८३३ मध्ये न्यूयॉर्कला ती सुरू केली. १९७० च्या सुमारास कंपनीने तारा बनवणारी डार्को, बँजोवाली व्हेगा आणि ड्रमवाली फायब्स या कंपन्या विकत घेतल्या. साधारण दहा वर्षांत बँजो आणि ड्रम विकून टाकले. तारा मात्र आजही मार्टिनच्या नावाने विकल्या जातात.

फरक लक्षात आला? ड्रमचं गिऱ्हाईक वेगळं. तारांचं गिऱ्हाईक तेच, ज्याने गिटार घेतली. गिटार वर्षानुवर्षं टिकते. तारा गंजतात, तुटतात आणि तो माणूस परत दुकानात येतो.

तुम्ही शिलाई मशीन विकता? मग आधी सुया, बॉबिन, तेल, सर्व्हिसिंग ठेवा. मिक्सरचं नंतर बघू. भांडवल थोडं असताना चुकीच्या मालात अडकलेला पैसा दुकानाला महागात पडतो.

तुमच्या धंद्यातली ‘तार’ कोणती? आजच वहीत लिहून काढा.